काकूंची तीन दिवसांची रजा

लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा सगळ्यांत मोठं नुकसान कुणाचं झालं असेल, तर ते आमच्या घरमालकीण काकूंचं. निदान त्यांचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. उस्मानाबाद जिल्ह्यात होतो तोवर त्यांचं सगळं वेळच्या वेळी होत होतं आणि कचेरीवरची पाटी बदलली त्या महिन्यापासून त्यांची पाळी बिघडली. "इतकी वर्षं घड्याळावानी व्हती, बाई. ह्यांनी जिल्हा फोडला अन् माझं सगळं गणित मोडलं," असं त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या. कधी पंधरा दिवसांत हजर, कधी दोन-दोन महिने पत्ता नाही. छातीत धडधडलं की जिल्हा, गुडघा दुखला की जिल्हा, भाजीत दोनदा मीठ पडलं तरी जिल्हाच. मी त्या नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून होते, त्यामुळे सरकारच्या वतीने या साऱ्या तक्रारी ऐकून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मीही अर्ज दाखल करून घ्यावा तशी मान हलवायची. त्या काळात कचेरीत आम्ही दुसरं फारसं काही करत नव्हतो. टेबलं यायची होती, खुर्च्या यायच्या होत्या आणि पाऊस तर यायचाच होता.

त्यांची-माझी ओळख पाण्यावरून झाली. मी मूळची अहमदपूरची, बदली होऊन एकटीच आलेली. खोली शोधायला निघाले तर चार घरांनी आधी आडनाव विचारलं आणि ते ऐकल्यावर "खोली कालच गेली की हो," असं सांगितलं. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. आडनाव लपवायची आमच्या घरात पद्धत नव्हती. पाचव्या घरी या काकू दारात उभ्या होत्या. हातात चहाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा, त्याने वारा घेणं चाललेलं, कपाळावर घाम आणि महिना डिसेंबरचा. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. म्हणाल्या, "दिवसाला पाणी किती लागतंय?" मी म्हटलं, दोन बादल्या. "डोकं किती दिवसांनी धुता?" मी म्हटलं, आठवड्याने. त्यांनी माझ्या वेणीची लांबी डोळ्यांनी मोजली आणि मागच्या अंगणातली, वेगळ्या दाराची खोली मला दिली. घरात त्यांच्या सासूबाई होत्या. काकू त्यांना आत्याबाई म्हणायच्या, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांना दिसायचं कमी आणि सोवळंओवळं फार. त्यांना काकूंनी एवढंच सांगितलं, "सरकारी बाई हायत." त्या काळी सरकारला कुणी जात विचारत नसे.

तो पुठ्ठा काकूंच्या हातातून कधी सुटला नाही. स्वयंपाक करताना डाव्या हातात पुठ्ठा, उजव्यात उलथनं. अंगातून एकदम वाफ उठायची, मान-चेहरा लाल व्हायचा आणि त्या जिथे असतील तिथे पदर सैल करून शहाबादी फरशीवर बसकण मारायच्या. एकदा ऐन गंजगोलाईत, भर बाजारात, एका कापडवाल्याच्या पायरीवर अशाच बसल्या. दुकानदार घाबरून पाणी घेऊन धावला, तर त्याला म्हणाल्या, "पाणी नगं, पाणी महाग हाय. थोडा सरकून बस, वारं अडतंय." राग तर असा की टँकरवाला त्यांना पाहून आधीच हॉर्न बंद करायचा. पाणी वाटणाऱ्या मुकादमाला तोंडावर 'इल्लत', म्हणजे पीडा, म्हणणारी गल्लीतली ती एकच बाई. पण त्याच काकू, रेडिओवर बाजारभाव सांगणाऱ्याला खोकला आला म्हणून डोळ्यांना पदर लावून बसलेल्या मी पाहिल्या आहेत. "कामून रडता, काकू?" असं विचारलं की म्हणायच्या, "मला काय म्हाईत? डोळ्यांना इचार."

घरात एक कॅलेंडर होतं. नळाला पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी यायचं, म्हणून आल्या दिवशी काकू निळ्या पेन्सिलीने फुली मारायच्या आणि स्वतःची पाळी लाल पेन्सिलीने. पुढे निळी पेन्सिल हरवली. दोन्ही फुल्या लालच पडू लागल्या. एक दिवस त्या ते कॅलेंडर खिळ्यावरून काढून माझ्या खोलीत घेऊन आल्या आणि एका फुलीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे नळ हाय का मी?" आम्ही दोघींनी बसून पंचांग पाहावं तसा शोध घेतला, पण काही उमगलं नाही. त्यांचे यजमान, काका, शाळेत गणित शिकवायचे. त्यांना विचारायची सोय नव्हती, कारण लाल फुली दिसली की ते मान खाली घालून अंगणात जायचे.

शेवटी मी त्यांना एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गावातल्या बायका तिथे बाळंतपणाला जायच्या, असल्या तक्रारीसाठी कुणी जात नसे. काकूंनी दारातच आपला जिल्ह्याचा सिद्धांत मांडला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं. त्यांनी शांतपणे समजावलं की अंडाशय आता थकले आहेत, शरीरात जो रस इतकी वर्षं नेमाने तयार व्हायचा तो आता कधी जास्त, कधी कमी होतो. म्हणून ही वाफ, ही धडधड, हे रडू, ही उडालेली झोप. हा आजार नाही, वय आहे. सुती लुगडं नेसा, चहा कमी करा, तीळ-जवस खा, दूध मिळेल तेवढं घ्या, रोज चालत जा. फार त्रास झाला तर या, औषध आहे. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. पाळी पूर्ण वर्षभर थांबली आणि त्यानंतर पुन्हा एक डाग जरी दिसला, तरी दुसऱ्या दिवशी इथे यायचं. लाजायचं नाही, वाट पाहायची नाही."

घरी येईस्तोवर काकूंनी या सगळ्याचं मराठवाडी भाषांतर करून टाकलं होतं. टँकरच्या रांगेत घागरीवर हात ठेवून त्या बायकांना सांगू लागल्या, "अगं, आपल्या आत बी एक टँकर असतोय. इतकी वर्षं रोज येऊन राहिला. आता त्याचा बी दुष्काळ. कधी दोन खेपा, कधी चार दिवस दांडी. मग अंग पेटंल न्हाई तर काय करंल?" बायका पदरात तोंड घालून हसायच्या, बाप्ये खाकरायचे आणि रांग सोडून दूर जाऊन बिडी ओढायचे, त्यामुळे काकूंचा नंबर लवकर लागायचा. हळदीकुंकवात, बारशात, धान्याच्या मोंढ्यात, एकदा तर शिरूर अनंतपाळच्या एसटीत, त्यांनी हे व्याख्यान दिलं. कंडक्टरने तिकिटं फाडायचं सोडून खिडकीबाहेर पाहिलं. व्याख्यानाचा शेवट ठरलेला असायचा: "अन् वर्सानंतर डाग दिसला तर दवाखाना! तवा म्हणू नगा, काकूनं सांगितलं न्हाई." किती बायका त्यामुळे वेळेवर दवाखान्यात गेल्या असतील, कुणास ठाऊक. निदान दोघी-तिघी तरी मला माहीत आहेत.

आता त्या घरातली एक रीत सांगायला हवी. पाळीचे तीन दिवस काकू बाहेर बसत. घरात कशाला शिवायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही. माझ्या खोलीला लागून एक अरुंद पडवी होती, तिथे चटई टाकून राहायचं. आमच्या घरी हे असलं काही पाळत नसत, त्यामुळे सुरुवातीला माझा संताप व्हायचा. पण काकूंना संताप नव्हता. इतर सत्तावीस दिवस त्या पहाटेपासून बोअरवर रांग लावायच्या, दोन मैल घागरी वाहायच्या, भाकऱ्या थापायच्या, आत्याबाईंना न्हाऊ घालायच्या. या तीन दिवसांत मात्र काका सायकलला घागरी लटकावून निघायचे आणि आत्याबाई चुलीजवळ पाटावर बसून त्यांच्याकडून पिठलं करून घ्यायच्या. "हाट, हाट, गुठळ्या होतील," असा त्यांचा आवाज अंगणात यायचा आणि काकू पडवीत पाय पसरून खुदखुदायच्या. त्या घरात मी कायमचीच बाहेर होते आणि काकू तीन दिवसांपुरत्या, म्हणून तेवढे दिवस त्या सरळ माझ्या खोलीत यायच्या. माझ्या हातचा चहा प्यायच्या, माझ्या कॉटवर दुपारभर झोपायच्या, रेडिओ ऐकायच्या. त्या परक्या गावात माझ्याकडे येणारं दुसरं कुणीच नव्हतं. खरं सांगायचं तर मीही त्या दिवसांची वाट पाहू लागले होते.

आणि मग पाळी थांबली. चार महिने झाले, सहा झाले, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बहुतेक संपली. मला वाटलं, काकू सुटल्या. तर त्या माझ्या उंबऱ्यावर तोंड पाडून बसलेल्या. "तुमच्या कचेरीत म्हातारपणी पेन्शन देतेत. मला बग, हाय ती रजा बी काटली," म्हणाल्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, बोअर आटली होती, पाणी आणखी लांब गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर काकू पडवीत चटई टाकून बसलेल्या आणि काका सायकल काढतायत. मी भुवया उंचावल्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

तेव्हापासून त्यांनी दर महिन्याला तीन दिवस रजा घेतली, आणि तीही मोठ्या अकलेने. नळाला पाणी यायच्या दिवशी, पुरणाच्या दिवशी, उदगीरचे पाहुणे येणार असतील त्या दिवशी हमखास. एकदा नणंद सहकुटुंब आठ दिवस राहायला आली, तर काकू महिन्यात दोनदा बाहेर बसल्या. नणंदेने कुरकुर केली, तेव्हा आत्याबाईच तिला म्हणाल्या, "या वयात असं मागं-पुढं व्हतंय. गप ऱ्हा." मी पडवीच्या दाराआड तोंड दाबून हसत होते. या खोटेपणात मी पूर्ण सामील होते आणि मला त्याचा अभिमानही होता. इतक्या वर्षांच्या विटाळातून एका बाईने व्याजासकट सुटी वसूल केली, असं मला वाटायचं.

असं वर्ष उलटून गेलं. काकूंची मुलगी पहिलटकरीण, डोहाळजेवणाला माहेरी आली. काकूंनी महिनाभर आधीपासून त्याचा ध्यास घेतला होता. फुलं मिळत नव्हती म्हणून रंगीत कागदाची वाडी केली होती, हिरवी साडी आणली होती, ओटीचे तांदूळ निवडून ठेवले होते. आणि त्या दिवशी सकाळी त्या पडवीत. घर बायकांनी भरलेलं, आत गाणी चाललेली, मुलगी दर दहा मिनिटांनी मागच्या दाराकडे बघतेय, आणि आई चटईवर भिंतीला टेकून. मला रागच आला. मी जाऊन म्हटलं, "काकू, आजच्या दिवशी तरी रजा टाकायला नको होती. पोरीला काय वाटत असेल?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "दमले गं," एवढंच म्हणाल्या. मी फणकाऱ्याने आत निघून गेले, कागदाच्या फुलांचं कौतुक केलं, दोन वेळा जेवले.

पुढचे चार-पाच महिने त्यांची रजा वाढत गेली. तीनाचे पाच दिवस झाले, पाचाचे आठ. मी मनात म्हणत राहिले, काकू फारच सोकावल्या. पुठ्ठा हातात नसायचा, हे माझ्या लक्षात आलं. पुठ्ठा हलवायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं, ते आलं नाही. एक दिवस कचेरीतून आले तर त्या माझ्या दाराशी उभ्या. म्हणाल्या, "पोरी, तुझ्यातली एक बादली देतीस का?"

इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याकडे कधी पाणी मागितलं नव्हतं. उलट त्यांच्यातलं तांब्याभर मला द्यायच्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. मी विचारलं, "काकू, खरंच येतंय?"

त्यांनी मान हलवली.

"कधीपासून?"

"डोहाळजेवणाच्या आदल्या रोजापासून."

मी ओरडलेच त्यांच्यावर. गावभर सांगत फिरलात ना, एक डाग दिसला तरी दवाखाना! त्या उंबऱ्यावर टेकल्या. म्हणाल्या, "सांगायचं कुणाला? घरात तर मी दर महिन्याला बाहेर बसूनच राहिले. आता काय म्हणू आत्याबाईला? आतापावतर खोटं व्हतं, आता खरं हाय, असं म्हणू?"

"मला सांगायचं होतं."

"सांगणार व्हते. त्या रोजी तू रागात व्हतीस."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि मोठ्या गावच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. गाठ होती. पसरली होती. आधी यायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांना ते म्हणायची गरज नव्हती.

काका त्यांना घेऊन गेले त्या संध्याकाळी आत्याबाई भिंत चाचपत माझ्या खोलीपर्यंत आल्या. इतक्या वर्षांत कधी आल्या नव्हत्या. मी खुर्ची दिली, त्या खालीच बसल्या. मला वाटलं, सुनेच्या खोटेपणाबद्दल मला धारेवर धरणार. मीच आधी बोलून टाकलं, मला माहीत होतं, मी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "मला बी म्हाईत व्हतं, बाई. कमी दिसतंय, पर इतकं कमी न्हाई. दोरीवर पाळीचं धुणं कुठं वाळत व्हतं? वर्सभर कायबी न्हवतं." मग पदर सावरला. "मी बी केलं व्हतं. मला बी आसंच तीन रोज पायजे व्हते. म्हणून म्हटलं, करू दे. बसू दे पोरीला."

"मग पुन्हा दोरीवर दिसायला लागलं, तेव्हा?"

त्या म्हणाल्या, "मला वाटलं, शहाणी झाली. सोंग पुरं करून राहिली."

काकांनाही ठाऊक होतं, हे मला पुढे कळलं. गणिताचा माणूस, त्यांनी कॅलेंडरवरच्या फुल्या नळाच्या दिवसांशी ताडून पाहिल्या होत्या. ते गुपचूप घागरी वाहत राहिले. म्हणजे आम्ही तिघांनीही, एकमेकांना न सांगता, काकूंना ती रजा मंजूर केली होती. घरात एक जरी खडूस माणूस असतं, एकाने जरी "उठ, सोंग पुरे" म्हणून त्यांना दटावलं असतं, तरी त्यांच्या तोंडून खरं निघालं असतं. आम्ही सगळे त्यांच्याशी फार चांगले वागलो, आणि म्हणून कुणी काही विचारलं नाही.

मी दवाखान्यात दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी काकू खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, फार लहान दिसत होत्या. त्यांची जीभ मात्र तीच. शेजारच्या खाटेवरच्या बाईला आतल्या टँकरची गोष्ट सांगून झाली होती आणि नर्सला तिचं वय विचारून झालं होतं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "हितं समदं हातात आणून देतेत. पाणी बी. दिसभर पडूनच हाय मी." खिडकीकडे बघत म्हणाल्या, "पर आता काम करावं वाटून राहिलं गं. दोन घागरी तरी." मी म्हटलं, घरी आल्यावर करा. त्या "हाव" म्हणाल्या. दोघींनाही ठाऊक होतं.

त्या वर्षी पाऊस झाला. काकू त्याआधीच गेल्या, त्यांना तो सापडला नाही. नातू सापडला; तीन महिन्यांचा असताना लेकीने दवाखान्यात त्यांच्या कुशीत आणून ठेवला होता. नंतर माझी बदली नांदेडला झाली, खोली सोडताना आत्याबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि एकदाही माझं आडनाव विचारलं नाही.

आता माझंच ते वय उलटून गेलं. कचेरीत कुणा बाईच्या कपाळावर घाम दिसला, कुणी उगाच फाईल आपटली, कुणी सारखी रजा टाकू लागली, की मी सरळ विचारते: पाळीचं काय? थांबली होती का? पुन्हा दिसतंय का? बायका चिडतात. उमरीहून आलेली एक टंकलेखिका तर मला म्हणाली, "मॅडम, तुम्हाला काय करायचंय?" माझ्या पाठीमागे मला चक्रम म्हणतात, हे मला माहीत आहे. म्हणू देत. मी विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलत नाही. एकदा एका बाईने हातातली फाईल मिटली, हळूच खुर्ची ओढून माझ्या जवळ येऊन बसली आणि म्हणाली, पुन्हा दिसतंय. त्या दिवशी तिला दवाखान्यात पोचवून घरी आले आणि काकूंच्या आठवणीने पोटभर रडले.